मेदुसाचे डोके, शूर्पणखेचे नाक आणि आपण

सध्या राक्षसांना बरे दिवस आले आहेत. ग्रीक पुराणकथांमध्ये जे जे शिंगवाले, एकडोळे, सर्पकेशी म्हणून हजारो वर्षे मारले गेले, ते आता कादंबऱ्यांत आणि कॉमिक्समध्ये नायक होऊन परत येत आहेत. एक आधुनिक शहर असते. तिथे कायम पाऊस पडत असतो, रस्त्यावर पिवळे दिवे असतात, पोलीस विकले गेलेले असतात. या काळोख्या गुन्हेकथांना इंग्रजी वाचणारी पोरे ‘नॉयर’ म्हणतात. त्या शहराच्या कडेला, नाल्याकाठी, मेदुसा काळा गॉगल लावून राहते, मिनोटॉर गोदीत ओझी उचलतो, एकडोळ्या पॉलिफीमस बंद पडलेल्या कारखान्याची राखण करतो. शहर त्यांना हाकलते, वाचक त्यांच्यासाठी हळहळतो. आपल्यातली वाचणारी, लिहिणारी, चित्रे काढणारी तरुण पोरे या गोष्टींवर खूश आहेत. ‘ही तर आपलीच गोष्ट’, असे म्हणतात.

आम्हाला हा आनंद कळतो. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याला वेशीबाहेरच्या कोणाचीही गोष्ट जवळची वाटणारच. तरीही या फॅशनशी आमचे भांडण आहे, आणि ते उघडपणे मांडायला हवे, कारण त्यातले अर्धे भांडण आपल्याच चळवळीतल्या पोरांशी आहे. राक्षसाची कीव करणे सोपे असते. त्याला राक्षस कोणी ठरवले, कशासाठी ठरवले, त्या ठरवण्यातून कोणाचे सिंहासन आणि कोणाची अब्रू वाचली, हे विचारणे अवघड. नाशिकमध्ये राहणाऱ्याने तर हे विचारल्याशिवाय ग्रीसपर्यंत जाऊच नये.

आधी ग्रीसचेच बघू. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली मेदुसाची गोष्ट अशी: ती देखणी होती, तिच्या केसांची कीर्ती होती. समुद्राच्या देवाने देवीच्या मंदिरात तिच्यावर बलात्कार केला. देवी संतापली. कोणावर? मेदुसावर! मंदिर बाटले होते ना. देवाला काही नाही, बाईच्या केसांचे साप झाले. पुढे पर्सियस नावाच्या वीराने तिचे डोके कापले, ते हत्यार म्हणून वापरून शत्रूंचे दगड केले, आणि शेवटी ते डोके त्याच देवीच्या ढालीवर जाऊन बसले. जिला बाटगी म्हणून विद्रूप केले, तिच्याच चेहऱ्याने देवीचे रक्षण. हे वाचताना आम्हाला गावगाड्यातला वेसकर महार आठवतो. त्याची सावली विटाळ, आणि रात्रभर गावाची राखणही त्याच्याच काठीवर.

लुचियानो गार्बाती नावाच्या शिल्पकाराने २००८ मध्ये ही गोष्ट उलटी केली. त्याची मेदुसा हातात तलवार घेऊन उभी आहे आणि तिच्या दुसऱ्या हातात पर्सियसचे मुंडके आहे. २०२० मध्ये हा पुतळा न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत काही महिने बसवला गेला. फोटो जगभर फिरले, टाळ्या पडल्या. पण तिथल्याच काही बायकांनी नेमका प्रश्न विचारला: मुंडके पर्सियसचेच का? बलात्कार तर समुद्रदेवाने केला होता. तो कुठे आहे? आम्हाला हा प्रश्न त्या पुतळ्यापेक्षा मोठा वाटतो. गोष्ट उलटी करणाऱ्यानेही देवाला हात लावला नाही.

मिनोटॉरचेही तसेच. क्रीटच्या मिनॉस राजाने गादीवरचा आपला हक्क सिद्ध करायला देवाकडे बैल मागितला, तो बळी देईन असा शब्द दिला, आणि बैल आवडला म्हणून शब्द मोडला. लबाडी राजाची. देवाने शिक्षा दिली राणीला, तिला त्या बैलाचीच ओढ लागली, आणि तिच्या पोटी अर्धे माणूस अर्धा बैल असे लेकरू आले. त्या लेकराला नावही होते, अस्टेरियस. ते कोणाला आठवत नाही, सगळे ‘मिनॉसचा बैल’ म्हणतात. मग राजाने कारागीर बोलावून जमिनीखाली चक्रव्यूहासारखे घर बांधून घेतले आणि पोर आत कोंडले. राजवाड्याची लाज राजवाड्याच्याच पायाखाली. (पॉलिफीमसबद्दल फार लिहीत नाही. त्याच्या गुहेत ओडिसियस न विचारता शिरला आणि त्याचे चीज खात बसला, एवढे मात्र लक्षात ठेवा. त्याने माणसे खाल्ली हेही खरे. आम्ही त्याचे वकीलपत्र घेतलेले नाही.)

आता घरी येऊ. जगात किती शहरे अशी असतील, ज्यांचे नाव एका बाईला विद्रूप केल्याच्या घटनेवरून पडले असे तिथले लोक अभिमानाने सांगतात? आपले आहे. नाशिक म्हणजे नासिका, म्हणजे नाक, कारण लक्ष्मणाने इथे शूर्पणखेचे नाक कापले. नऊ शिखरांचे गाव म्हणून नाशिक, अशीही व्युत्पत्ती सांगतात. पण रिक्षावाल्यापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी नाकाचीच गोष्ट. तपोवनात त्याचे शिल्प आहे. यात्रेकरू बघतात, पोराला उचलून दाखवतात, फोटो काढतात, पुढच्या ठिकाणी जातात.

अरण्यकांडात काय आहे ते नीट वाचा. शूर्पणखा रामाला लग्नाची मागणी घालते. राम तिची थट्टा करतो, तिला लक्ष्मणाकडे पाठवतो. लक्ष्मण थट्टा करून परत रामाकडे पाठवतो. कवीही तिच्यावर हसतो: राम असा देखणा, ही अशी कुरूप, त्याचा आवाज असा, हिचा तसा. चिडून ती सीतेवर धावून जाते, आणि मग रामाच्या सांगण्यावरून तिचे नाक-कान कापले जातात. ती सीतेवर धावली, हे आम्ही लपवत नाही. पण हल्ला रोखणे वेगळे आणि चेहरा कापणे वेगळे. आपल्या भाषेत नाक कापणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. हद्द ओलांडून इच्छा बोलून दाखवणाऱ्या बाईला आयुष्यभर मिरवावी लागेल अशी खूण दिली गेली. तिचा भाऊ खर दाद मागायला आला, तर त्याच्यासह जनस्थानातले चौदा हजार राक्षस मारले गेले. ही त्यांचीच वस्ती होती. जनस्थान म्हणजेच हा परिसर, असे नाशिककर मानतात.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा याच जागी बोट ठेवले. राक्षस म्हणजे रक्षक, असे ते म्हणाले. भूमीचे रक्षण करणारे जे होते, त्यांना जिंकणाऱ्यांनी अक्राळविक्राळ करून पोथीत टाकले. वामनाने पाताळात घातलेला बळी हा त्यांच्या लेखी राजा होता, आणि आपल्या आयाबाया दसरा-दिवाळीला अजूनही त्याचेच राज्य येवो म्हणतात. जोतीरावांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राच्या तराजूत तोलणारे विद्वान तेव्हाही होते, आजही आहेत. तोला. जोतीराव शब्दकोश लिहायला बसले नव्हते. ते विचारत होते: ही पोथी लिहिली कोणी? आजच्या कॉमिक्सवाल्यांच्या दीडशे वर्षे आधी पुण्याच्या एका माळ्याने राक्षसांची बाजू मांडली, ती पावसाचे शहर रंगवायला नव्हे, जमिनीचा आणि शिक्षणाचा हिशेब मागायला.

आणि शंबूक? त्याला तर शिंगे नव्हती, दहा तोंडे नव्हती, केसांत साप नव्हते. साधा माणूस तप करत होता. ब्राह्मणाचे पोर मेले, त्याचे कारण शूद्राचे तप, असे ठरले, आणि रामाने त्याचे डोके उडवले. उत्तरकांडात हे सरळ लिहिले आहे. राक्षस ठरण्यासाठी चेहरा विचित्र असावा लागतो, हा या नव्या गोष्टींचा समजच आम्हाला खटकतो. आपल्याकडे चेहऱ्याची गरजच पडली नाही.

२ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात कोण आले होते? बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, शिस्तीत, बँड लावून, जवळपास मैलभर लांब रांग. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे, गावोगावच्या मायमाऊल्या. मंदिराचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही दारांसमोर बसले. पुढे रामनवमीला रथ दोघांनी मिळून ओढायचा असे ठरले होते. तो शब्द मोडून रथ पळवला गेला आणि दगडांचा वर्षाव झाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या खेड्यांत आपल्या माणसांचे रस्ते बंद झाले, दुकानांतून माल मिळेना, पोरांना शाळेतून काढले. एका रांगेत चालत आलेल्या, धुतलेले कपडे घातलेल्या माणसांना बघून एक अख्खे शहर जणू अक्राळविक्राळ फौज आल्यासारखे वागले. तो सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला. शिंगे कोणाच्या डोक्यावर होती, ते तुम्हीच ठरवा.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मग सोनईचे ऐका. १ जानेवारी २०१३. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले सोनई, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. सफाई काम करणाऱ्या मेहतर समाजातले तीन तरुण. त्यातल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम, हा गुन्हा. सेप्टिक टँक साफ करायचा आहे असे सांगून त्यांना बोलावून घेतले आणि ठार मारले. एकाचा देह त्याच टाकीत मिळाला, दुसऱ्या दोघांचे विहिरीत. तो खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला, आणि जानेवारी २०१८ मध्ये याच शहरातल्या न्यायाधीशांनी सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

आता सांगा, नॉयरमध्ये याहून काळे काय असते? शूर्पणखेसारखीच हद्द ओलांडणारी इच्छा. मिनोटॉरसारखीच जमिनीखालची अंधारी जागा. फरक एवढाच की गोष्टीत वीर आत उतरून राक्षसाला मारतो; इथे ज्याला मारायचे त्याला कामाच्या निमित्ताने बोलावले गेले, कारण त्याला त्या जागेवर बोलावले तर कोणाला संशय येत नाही. ती जागा जन्मानेच त्याची ठरलेली. नाशिकच्या कोर्टात हा निकाल लागला त्या दिवशी शहराने नाकाच्या गोष्टीकडे एकदा तरी वळून पाहायला हवे होते असे आम्हाला वाटते. पाहिले नाही.

चक्रव्यूहाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. प्रत्येक भारतीय शहराखाली एक चक्रव्यूह आहे. त्यात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असेल हे उतरण्याआधीच माहीत असते. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख द्या म्हणून सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. मरणाचा दर वाढत गेला, उतरणे थांबले नाही. २०२७ ला इथे सिंहस्थ भरेल. साधू कुठे राहतील, शाही मिरवणूक कुठून जाईल, घाट किती लांब करायचे, याचे नकाशे तयार आहेत. लाखो लोकांची घाण उचलणाऱ्या हातांचा नकाशा कोणी काढला आहे का? ते हात कंत्राटावर येतील, मेळा उठला की जातील, आणि अमृताच्या गोष्टीत त्यांचे नाव येणार नाही. देव-दानवांनी मिळून समुद्र घुसळला आणि अमृत वाटताना दानवांना वगळले, ही गोष्ट ज्या मेळ्याच्या मुळाशी सांगतात, त्याच मेळ्याबद्दल आम्ही बोलत आहोत.

राक्षसांची यादी पोथीतच असते असेही नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने त्याचा फास मुंबई इलाख्यावरही आवळला गेला. पारधी, कैकाडी, कंजारभाट. पोटातले पोरही गुन्हेगार. रोज हजेरी, सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का पुसला, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. शिक्का कागदावरून गेला. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी कोणाच्या पालावर जाते, हे कार्यकर्त्यांना सांगायची गरज नाही. विलायती गुन्हेकथेतला गुप्तहेर रात्री वस्तीत जातो तेव्हा वाचकाला थरार वाटतो. पालातल्या बाईला तो थरार ओळखीचा आहे, फक्त तिला पान उलटता येत नाही. लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ चे. ज्यांना शहराच्या कडेला ढकललेल्यांची गोष्ट हवी आहे, त्यांनी ती पुस्तके वाचली आहेत का? की सापाच्या केसांशिवाय वेदना दिसतच नाही?

आता आपल्या पोरांशी भांडण.

काही वर्षांपासून आपल्याकडे उलटे वारे आहे. ‘आम्ही असुर’, ‘आम्ही रावणाचे वंशज’, काळे टी-शर्ट, दहा तोंडांची चित्रे, दसऱ्याला रावणाची जय. त्यामागचा राग आम्हाला समजतो आणि रावण जाळण्याला विरोध करणाऱ्या आदिवासी बांधवांची श्रद्धा ही त्यांची आहे, तिच्यावर आम्ही बोलणार नाही. पण आंबेडकरवादी म्हणवणाऱ्याने हा मुखवटा चढवताना थोडे थांबावे. एक तर त्यांच्याच पोथीप्रमाणे रावण पुलस्त्य ऋषीचा नातू, म्हणजे ब्राह्मण! तुम्ही कोणाचा झेंडा खांद्यावर घेतला, बघा तरी. दुसरे, तो राजा होता. सोन्याच्या लंकेत राहत होता आणि दुसऱ्याची बायको पळवून त्याने अशोकवनात ठेवली. तिच्या बाजूने कोण बोलणार? मेदुसाच्या हातात पर्सियसचे मुंडके देणाऱ्या शिल्पकारासारखीच आपली गत होते. पात्रे बदलली, गोष्ट तीच. सिंहासन जिथे होते तिथेच.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाबासाहेबांनी वंशाचा हा सिद्धांत मानलाच नाही. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी बाहेरून आलेले आर्य आणि इथले हरलेले अनार्य ही मांडणी पुराव्यासकट मोडून काढली. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी अस्पृश्य हा वेगळा वंश नाही असे सांगितले; लढायांत हरलेल्या, फुटलेल्या टोळ्यांची माणसे गावाबाहेर वसली, बौद्ध राहिली, म्हणून त्यांच्यावर बहिष्कार आला, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आपण वेगळ्या रक्ताचे दानव नव्हतो. आपण शेजारीच होतो. आपल्याला दूर ठेवण्यासाठी वेगळे रक्त शोधून काढावे लागले. हे फुल्यांच्या मांडणीपेक्षा वेगळे आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गुरूचा प्रश्न घ्यायचा आणि उत्तर स्वतः तपासायचे, हे बाबासाहेबांनीच करून दाखवले. ‘असुर वंश’ मिरवणारे मात्र शत्रूने बनवलेल्या वंशावळीत आपले नाव स्वतःच्या हाताने लिहीत आहेत.

बाबासाहेबांनी रामायणाची चिकित्सा केली, ती ‘रिडल्स’मध्ये. वालीला लपून मारणे, सीतेचा त्याग, शंबूकाचा वध, एकेक प्रसंग उकलून ठेवला. १९८७ मध्ये सरकारने तो खंड छापला तेव्हा किती आकांडतांडव झाले आणि उत्तर द्यायला लाखो भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यावर कसे उतरले, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पण त्या चिकित्सेनंतर बाबासाहेब रावणाच्या पाया पडायला गेले नाहीत. मार्च १९३४ मध्ये त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्राने कळवले होते की, आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून मंदिर प्रवेशाची चळवळ केलीच नव्हती, त्यांना जागे करण्यासाठी केली होती. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी त्या धर्मातून बाहेर पडण्याची घोषणा केली. २२ प्रतिज्ञांमध्ये राम-कृष्णाला देव मानणार नाही, असे आहे. रावणाला मानीन, असे कुठे आहे? दाखवा. त्या गोष्टीत कोणते पात्र आपले, हा प्रश्नच त्यांनी बाजूला सारला आणि ते गोष्टीबाहेर चालत गेले.

याचा अर्थ काळोखाबद्दल लिहायचे नाही असा नाही. उलट, ते लिहिणारा सर्वांत मोठा माणूस आपल्याच मातीतला. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल. १९६३ चा ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६९ चा ‘मरण स्वस्त होत आहे’. मुंबईच्या चाळी, झोपड्या, गुंड, वेश्या, उपाशी आया, कर्जाने पिचलेले बाप. नॉयरला लागते ते सगळे आहे, रात्रही आहे, चाकूही आहे. पण बागुलांच्या माणसांना शिंगे नाहीत. रेल्वेत नोकरी करणारा, जात लपवून खोली मिळवणारा तो तरुण बघा. वाचकाने त्याला ओळखावे म्हणून लेखकाला त्याचा चेहरा विचित्र करावा लागत नाही. जात कळेपर्यंत तो इतरांसारखाच दिसतो, आणि कळल्यावर मार खातो. भयंकर तेच आहे. त्याला राक्षस केले असते तर वाचकाला सुटका मिळाली असती: ‘हं, हा वेगळाच प्राणी, याच्याशी लोक असे वागतात.’ बागूल ती सुटका देत नाहीत. २००७ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने त्यांना जो पुरस्कार दिला, त्याचे नाव काय होते? जनस्थान! राक्षसांच्या वस्तीचे नाव. ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते आम्ही सांगू शकत नाही, पण बागुलांना ते शोभले.

आणि कोणाला ग्रीकच हवे असतील तर त्यासाठी कॉमिक्स उघडायची गरज नाही. मुंबई रस्त्यावर त्रिरश्मी डोंगर चढा. त्याला पांडवलेणी म्हणतात. भिक्खू संघाच्या लेण्यांना महाभारतातल्या वीरांचे नाव, म्हणजे तिथेही तोच कारभार. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, नासिकच्या लोकांनी दिलेल्या गावाच्या दानाचा. शहराचे नाव तिथे आहे, नाक कापल्याची गोष्ट नाही. तिसऱ्या लेण्यात जा: समोरचा व्हरांडा खांद्यावर पेलून धरलेल्या धिप्पाड आकृती आहेत. त्यांना कोणी मारत नाही, त्या भार घेऊन उभ्या आहेत. (त्याच लेण्यातल्या शिलालेखात आई आपल्या सातवाहन मुलाचे कौतुक करताना त्याने वर्णसंकर थांबवला असेही म्हणते. दान संघाला, अभिमान चातुर्वर्ण्याचा. तेव्हा दाते बघून भुलू नका.) आणि सतराव्या लेण्यात इंद्राग्निदत्ताचा लेख आहे. धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडून आलेला योनक, म्हणजे ग्रीक. त्याने आईवडिलांच्या पुण्यासाठी डोंगरात लेणे कोरवले आणि धम्मरक्षित या मुलासह ते संघाला दिले. पर्सियस-थीसियसच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या वंशातला एक माणूस नाशिकला आला, आणि त्याने तलवार उगारलेल्या वीराचे शिल्प नव्हे, भिक्खूंना पावसाळ्यात राहायला जागा कोरली.

त्या भिक्खूंकडेही राक्षसाची एक गोष्ट होती. अंगुलिमालाची. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा. गावेच्या गावे ओस पाडणारा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये ती घेतली आहे. प्रसेनजित राजा पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. बुद्ध त्याआधी एकटे त्या रस्त्याने गेले. हातात काही नव्हते. अंगुलिमाल मागे धावला, पण त्यांना गाठू शकला नाही, आणि थांब म्हणून ओरडला. बुद्धांनी सांगितले की ते केव्हाच थांबले आहेत, थांबायचे त्याला आहे. डोके कापले नाही, नाक कापले नाही, जमिनीखाली कोंडले नाही. त्याने जे केले ते नाकारलेही नाही. राजा आला तेव्हा तोच माणूस चीवर घालून शेजारी बसलेला होता आणि ओळख पटल्यावर राजाच्या अंगावर काटा आला.

गोष्ट इथे संपवली असती तर ती गोड झाली असती. ती पुढे जाते. भिक्खू झालेला अंगुलिमाल गावात भिक्षेला गेला तर लोकांनी त्याला दगड मारले. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. रक्ताने माखलेला तो विहारात परत आला. बुद्धांनी त्याला ते सोसायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिक्षेला गेला असणार, कारण भिक्खूला दुसरे काय करता येते?

नाशिकची नॉयर गोष्ट लिहायची असेल, चित्रे काढायची असतील, तर ती तिथून सुरू करा. रामकुंडावरून, तपोवनातून, सातपूर-अंबडच्या पाळीवरून, नाशिकरोडच्या चाळींतून, गटाराच्या उघड्या झाकणापाशी. पात्रांना नावे द्या. यादी कोणी लिहिली ते पहिल्या पानावर येऊ द्या, आणि समुद्रदेवाला या वेळी सोडू नका.

जय भीम.